संगणक, भोंगा आणि अर्थिंगची तार

ज्यांच्या घरी एके काळी व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना आठवत असेल, की रेडिओ घरी आला म्हणजे त्याच्याबरोबर दोन तारा येत. एक वर जाई, ती एरियल. दुसरी खाली जाई, ती अर्थ. एरियलची जाळीदार पट्टी माडीवर नाहीतर ओसरीत बांधलेली असे, आणि अर्थची तार खिडकीतून बाहेर काढून जमिनीत ठोकलेल्या सळईला जोडलेली असे. उन्हाळ्यात जमीन सुकली आणि आवाज बिघडला, की वडील मंडळी पोराला हाक मारून सांगत, 'अरे, त्या सळईजवळ तांब्याभर पाणी ओत.' पुढे ट्रान्झिस्टर आला, तो खांद्याला लावून शेतावर नेता येऊ लागला, आणि या दोन्ही तारा आपल्या घरांतून गेल्या. आता संगणक आला आहे आणि त्यांपैकी खालची तार पुन्हा दारात उभी आहे. जुन्या रेडिओला ती स्टेशन नीट लागावे म्हणून हवी असे. आता ती आपला जीव सांभाळण्यासाठी हवी आहे, एवढाच काय तो फरक. पण तो फरक लहान नाही.

पुष्कळ शाळांत आणि आता घरांतही एक गोष्ट घडते. संगणक असतो, ॲम्प्लिफायर असतो, भिंतीवर दोन भोंगे किंवा पेटीचे स्पीकर असतात. मुलांना कविता ऐकवायची, परिपाठात प्रार्थना लावायची, म्हणून संगणकाची आवाजाची तार ॲम्प्लिफायरला जोडतात. बटण दाबले, की प्रार्थनेच्या आधीच 'घुंऽऽऽ' असा एकसारखा आवाज सुरू. मग कोणी म्हणतो ॲम्प्लिफायर गेला, कोणी म्हणतो स्पीकर फाटला. तालुक्याच्या गावी फेऱ्या होतात, नवा ॲम्प्लिफायर येतो, आणि तोही तसाच घुमू लागतो! पैसे गेले आणि घरघर राहिली. दोष बहुधा कोणत्याच यंत्रात नसतो.

ही घरघर म्हणजे काय? आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची असते आणि ती सेकंदाला ५० वेळा मागेपुढे हेलकावते. हा हेलकावा आवाजाच्या तारेत शिरला, की स्पीकर तो इमानाने ऐकवतो. सेकंदाला ५० हा खर्जातला फार खालचा स्वर झाला. त्याच्या वरच्या सप्तकातला १०० चा स्वरही बहुधा त्याच्या सोबतीला असतो. म्हणजे आपण ऐकतो ती खुद्द विजेची गुणगुण आहे. प्रश्न एवढाच, की ती शिरली कोठून?

याचा शोध घ्यायला हत्यारे लागत नाहीत. लागतो तो थोडा धीर, आणि एक नियम: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार तारा एकदम काढून पुन्हा लावल्या आणि आवाज थांबला, तर कशाने थांबला ते कळत नाही, आणि चार दिवसांनी तो परत आला म्हणजे आपण होतो तेथेच.

प्रथम तारा योग्य जागी आहेत का ते पाहा. टेबलावरच्या संगणकाला मागे रंगीत भोके असतात. त्यांतले हिरवे आवाज बाहेर देण्याचे, गुलाबी मायक्रोफोनचे. तार हिरव्यात हवी. ॲम्प्लिफायरच्या बाजूला ती 'ऑक्स' किंवा 'लाइन' लिहिलेल्या भोकात जावी, 'माइक'च्या भोकात नव्हे. माइकमधून येणारी वीज फारच क्षीण असते, म्हणून ते भोक तिला कितीतरी पटींनी मोठी करते. त्यात संगणकाची तार खुपसली, की आवाज फाटतो आणि घरघरही पटींनी वाढते. पुष्कळांची तक्रार एवढ्यानेच मिटेल.

नाही मिटली, तर ॲम्प्लिफायरचा आवाज शून्यावर आणून संगणकाची तार ॲम्प्लिफायरच्या टोकाकडून काढा. संगणकाकडून काढू नका. कारण दुसरे टोक ॲम्प्लिफायरमध्ये तसेच राहिले, तर ती लोंबती तार एरियलसारखी वागते आणि भलतीच घरघर करते. तार काढून आवाज हळूहळू वाढवा. घुमणे चालूच असेल, तर दोष ॲम्प्लिफायरच्या पोटात आहे. जुन्या ॲम्प्लिफायरमधले मोठे कपॅसिटर वाळतात, तेव्हा असे होते. कारागीर ते बदलून देतो, त्यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही. घुमणे थांबले, तर ॲम्प्लिफायर निर्दोष आहे. आता तार पुन्हा जोडा, आणि संगणक मांडीवरचा, म्हणजे लॅपटॉप असेल, तर त्याचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवा. घरघर त्याच क्षणी गेली ना? मग चोर सापडला. हा अर्थिंगचा फेरा आहे.

फेरा कसा, ते पाहू. शेजारी शेजारी दोन विहिरी आहेत. एकीचे पाणी थोडे वर, दुसरीचे थोडे खाली. जोवर त्या वेगळ्या आहेत तोवर काही बिघडत नाही. पण तळाशी एक नळी टाकून त्या जोडल्या, की नळीतून पाणी धावू लागते. तसेच येथे. संगणक एका भिंतीवरच्या बोर्डाला लावलेला, ॲम्प्लिफायर दुसऱ्या खोलीतल्या. दोघांच्या अर्थिंगची पातळी अगदी सारखी नसते; थोड्या व्होल्टचा फरक असतो. आपण आवाजाची तार जोडली, म्हणजे दोन विहिरींत नळी टाकली. तारेच्या बाहेरच्या जाळीतून ५० हेलकाव्यांची वीज वाहू लागते आणि स्पीकर गुणगुणू लागतो. विहिरीची उपमा फार ताणू नये, पण एवढ्यापुरती ती चालते.

कारण कळले, की उपाय सोपा आहे. संगणक, प्रोजेक्टर आणि ॲम्प्लिफायर ही तिन्ही यंत्रे एकाच बोर्डावरून, एकाच चांगल्या तीन पिनच्या एक्स्टेन्शनवरून चालवा. विहीर एकच झाली, की पाणी वाहणार कोठे? एवढ्याने भागले नाही, तर बाजारात 'ग्राउंड लूप आयसोलेटर' नावाची लहानशी डबी मिळते. तिच्यात दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात. आवाज एका गुंडाळीतून दुसरीत चुंबकाच्या शक्तीने जातो, पण तारेला तार लागत नाही. स्वस्त डबीत तबल्याच्या डग्ग्याचा खर्ज थोडा कमी होतो. शाळेच्या कामाला ते चालते. बिनतारी ब्लूटूथने आवाज पाठवला तरीही फेरा तुटतो.

आणखी एक 'उपाय' गावोगाव चालतो, आणि आजचे बोलणे मुख्यतः त्याच्यासाठी आहे. एका स्नेहसंमेलनात मी पाहिले. पडदा उघडायला पाच मिनिटे, स्पीकर घुमत आहेत, पाहुणे येऊन बसले आहेत. मंडपवाल्याच्या माणसाने पक्कड घेतली आणि ॲम्प्लिफायरच्या प्लगची वरची जाड पिन मोडून टाकली. घरघर क्षणात थांबली! सर्वांनी त्याची पाठ थोपटली. त्याचे चूक काय झाले, हे तेथे कोणाला सांगूनही पटले नसते, कारण कान त्याच्या बाजूने साक्ष देत होते.

तीन पिनांपैकी ही वरची पिन जाड असते, तशी लांबही असते. ती उगाच तशी केलेली नाही. प्लग आत जाताना ती सर्वांत आधी लागावी आणि बाहेर निघताना सर्वांत शेवटी सुटावी, म्हणजे यंत्रात वीज असेपर्यंत त्याची पेटी जमिनीला बांधलेली असावी, असा त्यातला हिशेब आहे. आत कोठे फेजची तार निसटून लोखंडी पेटीला चिकटली, तर वीज त्या पिनेच्या वाटेने जमिनीत जाते, फ्यूज उडतो किंवा स्विच पडतो. पिन मोडली, की ती वाट बंद. पेटी गुपचूप २३० व्होल्टवर बसून राहते. माइकची धातूची मूठ तारेच्या जाळीने त्या पेटीलाच जोडलेली असते. आणि माइक धरून ओल्या मैदानावर उभी असते ती आपली सातवीतली मुलगी. घरघर तर नाहीच. सगळे कसे शांत. दोन पिनचा अडॅप्टर मध्ये घालून तीन पिनचा प्लग लावणे, हेही पिन मोडण्यासारखेच.

आपल्याकडे अर्थिंग आहे की नाही, याची एक खूण संगणक स्वतःच देतो. पुष्कळांचा अनुभव असेल: पेटीच्या उघड्या लोखंडाला, किंवा काही लॅपटॉपच्या धातूच्या पाठीला, हात घासला की मुंग्या आल्यासारखे वाटते. संगणकाच्या वीजपुरवठ्यात विजेतला कचरा गाळण्यासाठी लहान कपॅसिटर बसवलेले असतात आणि त्यांतून अगदी थोडी वीज मुद्दाम अर्थिंगकडे सोडलेली असते. अर्थिंगच नसेल, तर ती जाणार कोठे? पेटीवर साचते. मीटर लावला, तर २३० च्या जवळपास निम्मे व्होल्ट दिसू शकतात. ही वीज अत्यल्प असल्याने तिने सहसा इजा होत नाही. पण त्या झिणझिण्यांचा अर्थ असा, की उद्या खरा दोष झाला तर वाट मोकळी नाही. 'संगणक आहे, थोडा करंट मारणारच,' असे म्हणून तो विषय सोडू नका.

वायरमनला बोलावून मीटरने तीन मापे घ्यायला सांगा. स्वतः सॉकेटमध्ये काही घालू नका. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज ते अर्थ जवळजवळ तेवढेच, आणि न्यूट्रल ते अर्थ थोडेच व्होल्ट यावेत. त्याने बोर्डाच्या आत न्यूट्रलची तारच अर्थला जोडून 'झाले अर्थिंग' म्हटले, तर त्याला थांबवा. मीटर फसतो, पण वरचा न्यूट्रल तुटला की लावलेल्या यंत्रांच्या पेट्या जिवंत होतात. खरे अर्थिंग म्हणजे खड्डा, त्यात पाइप किंवा पट्टी, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, आणि पाणी ओतण्यासाठी वर नरसाळे. चैत्र-वैशाखात ती माती सुकली, की अर्थिंग दुबळे होते. तेव्हा आजोबांचा तांब्या येथेही उपयोगी पडतो. शिवाय मेन बोर्डात ३० मिलिॲम्पिअरचा आर. सी. सी. बी. बसवून घ्या. वीज भलत्या वाटेने गळू लागली, की तो पडतो. जुना ६० वॅटचा दिवा सुमारे २६० मिलिॲम्पिअर घेतो, त्यावरून ३० म्हणजे किती थोडे ते समजेल. नेहमीचा एम. सी. बी. हे काम करीत नाही. तो भार वाढला किंवा शॉर्ट झाले तर पडतो, माणसाला धक्का बसला म्हणून नव्हे. नवा ॲम्प्लिफायर घेण्यापूर्वी हा खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर स्पीकर घ्यायचेच असतील, तर खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नका. 'पी. एम. पी. ओ. ३००० वॅट' असे लिहिलेले असते. तो आकडा शोभेचा. 'आर. एम. एस.' पुढे लिहिलेला आकडा पाहा. तोही नसेल, तर अडॅप्टर उलटा करून वाचा. १२ व्होल्ट, २ ॲम्पिअर असेल, तर गुणाकार २४ वॅट. आत २४ वॅट येत असताना बाहेर सतत ३००० कोठून निघणार? कोंबडीने हत्ती घालावा, तसे ते आहे. शिवाय वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. दुप्पट वॅटने जेमतेम ३ डेसिबल वाढतात, आणि कानाला दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दसपट वॅट लागतात. उलट उघड्या मैदानात अंतर दुप्पट झाले, की ६ डेसिबल कमी होतात. म्हणून मागच्या रांगेला ऐकू येत नसेल, तर पुढे मोठा स्पीकर आणण्यापेक्षा मध्यावर दुसरा लहान स्पीकर ठेवा. मात्र ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच जागी समांतर जोडले, तर ४ ओहम होतात. ॲम्प्लिफायरच्या पाठीवर तेवढी परवानगी लिहिली आहे का ते आधी पाहा.

बाकीचे आवाज ओळखायला सोपे आहेत. बटण फिरवताना खरखर होते, ती बटणाखालची धूळ. माउस हलवला की चिरचिर होते, तो संगणकाच्या आतला गोंगाट, यू. एस. बी.त बसणारे बाहेरचे साउंड कार्ड लावले, की बहुधा जाते. एकच बाजू वाजत नसेल, तर डावी-उजवी तार अदलाबदल करा. मुकेपणा दुसऱ्या बाजूला गेला, तर दोष तारेत किंवा त्याआधी, नाही गेला तर स्पीकरमध्ये. माइक शिट्टी मारतो तो स्पीकरच्या समोर आल्यामुळे. त्याला स्पीकरच्या मागे न्या. आणि जोडणी झाल्यावर संगणकावरचा आवाज पाऊण ठेवून ॲम्प्लिफायरचे बटण खालून हळूहळू वर आणा. संगणकाचा आवाज अगदी बारीक ठेवून ॲम्प्लिफायर पूर्ण फिरवला, तर उरलीसुरली गुणगुणही त्याच्याबरोबर मोठी होते.