इंजिन बदलायचे म्हणजे गाडीच नव्याने बांधायची

शीवहून निघून कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप करत मुलुंड ओलांडणारा लाल बहादूर शास्त्री मार्ग जुन्या मुलुंडकरांच्या तोंडी अजूनही आग्रा रोडच आहे. गाड्यांचे वेड असणाऱ्यांसाठी हा रस्ता म्हणजे एक सलग कारखाना. कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती. तिथून निघालेल्या फियाट मुंबईच्या टॅक्सी झाल्या. त्याच कुर्ल्यात भंगार बाजार, जिथे मोडीत निघालेल्या गाड्यांची इंजिने, गिअरबॉक्स, धुऱ्या सुट्या मिळतात. मुलुंड चेकनाक्यापर्यंत गॅरेजे, लेथवाले, रेडिएटरवाले, पाटेवाले. आणि ठाणे मागे टाकून शहापूर, कसाऱ्यावरून घाट चढले की इगतपुरी, जिथे महिंद्रचा इंजिनांचा कारखाना आहे.

या रस्त्यावरच्या गॅरेजांत एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातो : ‘जुन्या जीपमध्ये दुसरे इंजिन बसेल का?’ उत्तर नेहमी ‘बसेल’ असेच असते, आणि ते खरेही असते. लोखंड कापता येते, जोडता येते. पण इंजिन बसणे वेगळे आणि त्या इंजिनानिशी गाडी दहा वर्षे नीट चालणे वेगळे. हे अंतर ज्याला कळले त्याने या वाटेला जावे. ज्याला कळले नाही त्याच्या दारात चेसिस उघडी पडून राहते, आणि अशा चेसिस आपल्या उपनगरांत कमी नाहीत.

कंपनीनेच केलेली अदलाबदल

जीपचा इतिहास हाच मुळी इंजिने बदलण्याचा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला १३४ घनइंचांचे, म्हणजे सुमारे २.२ लिटरचे पेट्रोल इंजिन होते. ताकद ६० अश्वशक्ती. ‘गो डेव्हिल’ हे त्याचे नाव. त्याच्या दोन्ही झडपा इंजिनाच्या ब्लॉकमध्ये, बाजूला असत. पुढे विलीजने त्याच ब्लॉकवर नवे डोके चढवले. हवा आत घेणारी झडप वर डोक्यात आणि धूर बाहेर सोडणारी खाली ब्लॉकमध्ये, अशी ही रचना. हे ‘हरिकेन’ इंजिन. ताकद वाढली, पण उंचीही वाढली आणि जुन्या बॉनेटखाली ते मावेना. म्हणून १९५३ साली आलेल्या ‘सीजे ३ बी’ या जीपचे बॉनेट आणि जाळी उंच करावी लागली. आपल्याकडे महिंद्रने हीच उंच बॉनेटची जीप दशकानुदशके बनवली. तहसीलदाराच्या, पोलिसांच्या, वनखात्याच्या ज्या जीपचे चित्र महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढे आहे, तिचा तो चौकोनी उंच चेहरा म्हणजे एका इंजिनबदलाची पत्र्यावर उमटलेली खूण.

महिंद्र अँड महोमेद ही कंपनी १९४५ साली निघाली. भागीदार गुलाम महोमेद फाळणीनंतर पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. विलीजचे सुटे भाग आणून जीप जोडण्याचे काम मुंबईत सुरू झाले, आणि पुढची पंचवीसएक वर्षे जीप म्हणजे पेट्रोल हे समीकरण कायम राहिले.

१९७३ च्या तेलसंकटाने ते मोडले. पेट्रोल महागले, डिझेल त्या मानाने स्वस्त राहिले. महिंद्रच्या हाताशी तेव्हा एक डिझेल इंजिन होते, पण ते ट्रॅक्टरचे. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने निघालेल्या ट्रॅक्टर कंपनीतला ‘बी २७५’ हा ट्रॅक्टर शेतकऱ्यांनी उचलून धरला होता. त्या घराण्यातले सुमारे २३५० घनसेंटिमीटरचे इंजिन जीपमध्ये आले. ते दणकट होते, कमी फेऱ्यांत ओढ चांगली होती. पण ते ट्रॅक्टरच्या स्वभावाचे. आवाज मोठा, थरथर मोठी, आणि हमरस्त्यावर वेग धरायची तयारी नाही.

म्हणून १९७९ साली कंपनीने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून ‘एक्सडीपी ४.९०’ या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर, हे त्याच्या नावातच लिहिलेले आहे. एकूण आकार २११२ घनसेंटिमीटर आणि ताकद ६२ अश्वशक्ती. हे इंजिन मोटारगाडीच्या जातीचे, जास्त फेऱ्या सहज घेणारे. ‘एमएम ५४०’ ही जीप त्याच्यावरच उभी राहिली. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. इंजिनाचा परवाना घेऊन कंपनी थांबली नाही. १९८२ साली तिने कोरियाच्या किया कंपनीकडून चार गतींच्या गिअरबॉक्सचाही परवाना घेतला. अभियंते, कारखाने, चाचणीची मैदाने सगळे हाताशी असताना कंपनीलाही इंजिनामागोमाग त्याच्या मागचा भाग बदलावा लागतो. मग गॅरेजातल्या माणसाला तो चुकेल कसा?

लोकांनी केलेली अदलाबदल

कंपनी तिच्या गतीने चालत होती, तोवर लोक थांबले नव्हते. पश्चिम महाराष्ट्रात वडाप, म्हणजे जीपने खासगी प्रवासी वाहतूक, करणाऱ्यांना पेट्रोलची जीप परवडेनाशी झाली. लष्कराच्या लिलावात निघालेल्या जीपही पेट्रोलच्याच. मग त्यांत डिझेल इंजिने उतरू लागली. त्यात सर्वांत आवडते ठरले मॅटॅडोरचे, म्हणजे पुण्याच्या बजाज टेम्पोने मर्सिडीजच्या परवान्यावर बनवलेले २.४ लिटरचे इंजिन. सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळत, कोणत्याही मिस्त्रीला ते उघडता येई. पुढे इसुझूच्या परवान्यावरची इंजिने आली, क्वालिसची आली, बोलेरो आणि स्कॉर्पिओची आली.

हे फक्त आपल्याकडेच घडले असे नाही. फिलिपिन्समध्ये अमेरिकन लष्कराने मागे सोडलेल्या जीप लांब करून लोकांनी त्यांच्या प्रवासी गाड्या केल्या. त्याच जीपनी. पुढच्या काळात त्यांच्या पोटात जपानहून आलेली जुनी इसुझू डिझेल इंजिने गेली. जिथे जिथे जीप साधी होती आणि इंधन महाग, तिथे तिथे हे घडले.

मारुती जिप्सीचे गणित थोडे निराळे. १९८५ च्या अखेरीस ती आली तेव्हा तिला ९७० घनसेंटिमीटरचे छोटे इंजिन होते. १९९६ च्या जिप्सी किंगमध्ये १.३ लिटरचे आले, आणि २००० च्या सुमारास त्याचीच इंधन-इंजेक्शनवाली, ८० अश्वशक्तीची आवृत्ती. एस्टीम या मोटारीचे इंजिनही याच घराण्यातले. म्हणून जुन्या जिप्सीत १.३ लिटरचे इंजिन घालणे हा सर्वांत कमी कटकटीचा बदल मानला जातो. यातून पहिला नियम निघतो : इंजिन शक्यतो त्याच घराण्यातले घ्यावे.

पाच थाऊचा प्रश्न

आता प्रत्यक्ष काम पाहू. चेन ब्लॉकला लटकलेले इंजिन चेसिसमध्ये उतरताना सगळे बघत असतात माउंटिंगकडे. खरा धोका मागच्या टोकाला असतो, जिथे इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना भेटतात.

इंजिन एका कंपनीचे आणि गिअरबॉक्स दुसऱ्या कंपनीचा असेल तर मध्ये एक जाड पट्टी, अडॅप्टर प्लेट, लेथवर बनवून घ्यावी लागते. बोल्टांची भोके जुळली म्हणजे काम झाले असे समजणे ही सर्वांत महागडी चूक. गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक क्रँकच्या मागच्या छोट्या बेअरिंगमध्ये बसते. त्या दोघांचा मध्य एकच असला पाहिजे. तो तपासायची रीत अशी : फ्लायव्हीलवर डायल गेज बसवायचा, त्याचे टोक बेल हाउसिंगच्या गोल भोकाच्या कडेला टेकवायचे आणि क्रँक हाताने पूर्ण एक फेरी फिरवायचा. काटा किती हलतो ते पाहायचे. एकूण हालचाल पाच थाऊच्या आत हवी. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पाच थाऊ म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम आठवा हिस्सा.

ही तपासणी टाळली तरी गाडी सुरू होते, चालते, मालक पेढेही वाटतो. काही महिन्यांनी गिअर सुटायला लागतो, क्लच थरथरतो, शाफ्टच्या पुढच्या बेअरिंगचा आवाज येतो. मग दोष गिअरबॉक्सवर जातो, दुसरा गिअरबॉक्स येतो आणि तोही तसाच जातो. तुमच्या मिस्त्रीकडे डायल गेज आहे का, आणि तो या कामासाठी वापरतो का, एवढा एक प्रश्न विचारला तरी तो किती पाण्यात आहे ते कळते.

सदतीस पट

दुसरे गणित बळाचे. जुन्या जीपच्या तीन गतींच्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर सुमारे २.८ पट बळ वाढवतो. ट्रान्स्फर केसचा लो गिअर ते २.४६ पट वाढवतो आणि धुरीतला डिफरन्शियल ५.३८ पट. तिन्हींचा गुणाकार सदतीसच्या घरात जातो. म्हणजे इंजिनाने दिलेला प्रत्येक एकक पिळा चाकांपर्यंत सदतीसपट होऊन पोहोचतो. हरिकेन इंजिनाचा पिळा १५५ न्यूटन-मीटरच्या आसपास. २०१० सालच्या महिंद्र थारच्या सीआरडीई, म्हणजे कॉमन रेल डिझेल, इंजिनाचा २४७. जुन्या धुऱ्यांवर हे इंजिन बसवले आणि चिखलात चाक अडकलेले असताना पाय दाबला, तर दीडपटीहून जास्त ओझे त्या जुन्या हाफ शाफ्टवर येते. मग तुटते ते इंजिन नव्हे, शाफ्ट. आणि तेही रानात.

वेगाचेही तसेच. ५.३८ चा डिफरन्शियल आणि १६ इंची जुने टायर असतील तर ३००० फेऱ्यांना, टॉप गिअरमध्ये, गाडी ताशी साधारण ७५ किलोमीटर धावते. पेट्रोल इंजिन त्याहून पुष्कळ वर जाऊ शकते. कमी फेऱ्यांचे डिझेल तिथेच दमते. डिफरन्शियल ४.२७ चा केला तर तेवढ्याच फेऱ्यांना वेग ९५ च्या आसपास जातो, पण चढावरची ओढ कमी होते. गाडी महामार्गासाठी हवी की मावळातल्या चिखलासाठी, हे इंजिन विकत घेण्याआधी ठरवावे लागते ते यासाठी.

बाकीच्या गोष्टींचीही यादी डोक्यात पक्की हवी. डिझेल इंजिन जड असेल तर पुढचे पाटे बसतात. इंजिनाची तेलाची टाकी, म्हणजे संप, पुढच्या धुरीवर आपटणार नाही एवढी जागा पाटे पूर्ण दाबले गेले तरी उरायला हवी. प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलते आणि जॉइंटचा कोन बिघडला की ठरावीक वेगाला गाडी थरथरते. जुना रेडिएटर उन्हाळ्यात कसारा घाट चढताना पुरा पडत नाही. आणि ज्या गाडीची ताकद दीडपट केली तिचे ब्रेक जुनेच ठेवणे हा निव्वळ अविचार. सीआरडीई इंजिन घ्यायचे तर त्याचा संगणक, पूर्ण वायरिंग, सेन्सर, अ‍ॅक्सिलरेटरचे पेडल आणि किल्लीची सुरक्षा-यंत्रणा एकाच गाडीतून, एकत्र घ्यावी. यातले एक जरी सुटले तरी इंजिन सुरूच होत नाही.

कागद

आता सर्वांत गंभीर भाग. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ सांगते की, उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हाच अर्थ ठामपणे लावला. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, होऊ शकते.

वाटा बंद आहेत असे नाही. झिजलेल्या इंजिनाच्या जागी त्याच जातीचे इंजिन घालायचे असेल तर आधी आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर नवा इंजिन क्रमांक चढवता येतो. मुलुंडकरांसाठी हे कार्यालय वडाळ्याचे, एमएच ०३. सीएनजी, एलपीजी किंवा विजेसाठी मान्यताप्राप्त किट बसवायला कायद्याने सोय ठेवली आहे. अशा किटची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था करतात. पण पेट्रोलच्या जीपमध्ये मनाला येईल ते डिझेल इंजिन घालून ती रस्त्यावर आणणे आज कायद्यात बसत नाही. वडापच्या काळात जे खपून गेले ते आता खपणार नाही. अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि समोरच्या जखमी माणसाची भरपाई मालकाच्या अंगावर येऊ शकते.

भंगारातून इंजिन घेताना तर दुप्पट सावध राहावे. इंजिन क्रमांक घासलेला नसावा, पक्के बिल असावे, मूळ गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद असावा. हे नसेल तर चोरीच्या गाडीचे इंजिन तुमच्या बॉनेटखाली येण्याची शक्यता आहे, आणि पोलिसांना उत्तर तुम्हाला द्यावे लागेल.

मग करावे काय?

माझे मत स्पष्ट आहे. रस्त्यावर चालवायच्या जुन्या जीपचे मूळ इंजिन शक्यतो टिकवावे. हरिकेन असो वा प्यूजो, ही इंजिने पुन्हा बांधता येतात. बोअर करून घ्यावा, क्रँक घासून घ्यावा, नवे रिंग-पिस्टन, झडपांचे सीट, पंप-नोझलची दुरुस्ती, रेडिएटर नवा. इंजिनबदलापेक्षा हा खर्च बहुधा कमी येतो, आरसी स्वच्छ राहते आणि गाडीची किंमतही. ब्लॉकच फुटला असेल तर त्याच जातीचे दुसरे इंजिन शोधावे आणि वडाळ्याला रीतसर अर्ज करावा. खासगी जमिनीवरच्या स्पर्धेसाठीच गाडी बांधायची असेल तर इंजिनाच्या आधी धुऱ्या, ब्रेक आणि रेडिएटर यांवर पैसे घालावेत, आणि ती गाडी ट्रकवर चढवूनच न्यावी. येऊरच्या किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात तर कोणतीच गाडी घालू नये.

आग्रा रोडवर हात चालवणारे जुने मिस्त्री आता कमी होत आहेत. त्यांच्याकडे प्यूजोचा पंप कानाने लावण्याची विद्या आहे, हरिकेनच्या झडपा बसवण्याची विद्या आहे. तुमच्या घरी जुनी जीप उभी असेल तर तिचे इंजिन भंगारात देण्याआधी अशा एखाद्या मिस्त्रीला दाखवा आणि एखाद्या तरुण पोराला त्याच्या हाताखाली उभे करा.