माळवद पाडण्याआधी

ढोकी-तेर पट्ट्यात जुनं घर म्हणजे बहुधा माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. ते राखायचं की पाडायचं हे अनेकदा वरची माती पाहूनच ठरवलं जातं. चूक तिथंच होते, कारण भार माती पेलत नाही. खांबांवर तुळया, तुळयांवर सर, सरांवर फळ्या किंवा लाकडाच्या चिरफळ्या, त्यावर पाला, मग चिखल आणि शेवटी पांढरी माती, अशी ही रचना असते. ती बघायला छत उकरावं लागत नाही. उजेडासाठी ठेवलेल्या साण्याच्या कडेला बॅटरी मारा. फळी आहे की चिरफळी, पाल्याचा भुगा झालाय का, माती किती जाड आहे, सगळं दिसतं.

लाकूड काळं पडलं म्हणजे गेलं, असंही समजतात. चुलीच्या धुरानं कुठलंही लाकूड काळं होतं. चाकूनं काजळी खरवडा. आत सोनेरी तपकिरी रंग आणि चामड्यासारखा वास आला तर तो बहुधा साग. बाभूळ-लिंबाचे सरही असतात आणि तेही टिकतात. खरी तपासणी सराचं टोक भिंतीत शिरतं तिथं करायची, कारण ओल आणि वाळवी तिथंच धरते. पेचकस टोचून बघा. तो सहज आत गेला तर तो सर बदलावा लागेल. अख्खं छत नव्हे.

सर्वांत घातक समज म्हणजे दरसाल माती टाकली की माळवद पक्कं होतं. दहा बाय दहा फुटांच्या खणावर फूटभर माती म्हणजे जवळपास पावणेपाच टन, आणि पावसात भिजली की आणखी जड. जुना थर खरवडून काढल्याशिवाय नवा टाकूच नये. काळी माती तर नकोच. ती ओलीनं फुगते, उन्हात भेगाळते आणि पाणी थेट पाल्यात सोडते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातल्या भूकंपात हजारो माणसं गेली. तेव्हापासून सगळा दोष माळवदावर येतो. छताचं वजन जीवघेणं होतं हे खरंच. पण आधी फुटल्या त्या भिंती. मातीत रचलेल्या गोट्यांचे आतले-बाहेरचे दोन पदर, त्यांना बांधणारा आरपार दगड नाही. कित्येक घरांत भिंती कोसळल्या, पण लाकडी सांगाडा उभा राहिला. म्हणून छत तपासताना भिंतीचा फुगवटाही बघायलाच हवा.

माळवद काढून घातलेला जुना सिमेंटचा पत्रा ‘नुसतं सिमेंट’ नसतो. त्यात बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. ते डोळ्यांनी ओळखता येत नाहीत, प्रयोगशाळेतच कळतात. धड पत्र्याला हात लावू नका. काढायचाच असेल तर पाणी मारून, न फोडता, चांगला मास्क लावून अख्खा उतरवा. त्याचा चुरा अंगणात भरावाला कधीच वापरू नका.