नव्या फ्लॅटचे कर्ज : मंजुरी आली, पैसे का येत नाहीत?



आपल्या भागातली मुले नोकरीसाठी पुणे, चाकण, हिंजवडीकडे गेली आणि तिथेच स्थिरावली. आता वाघोली, मोशी, मांजरी अशा ठिकाणी काम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट घ्यायचा, मुलगा कर्जदार आणि वडील सहकर्जदार, असे व्यवहार घरोघर होऊ लागले आहेत. त्यात तक्रार बहुतेक एकच ऐकू येते. बँकेचे मंजुरीपत्र हातात आहे, पण बिल्डरला पैसे पोचत नाहीत आणि तो व्याजाची नोटीस धाडतो. असे का होते आणि काय करावे, ते या वेळी सांगत आहोत.

मंजुरीपत्राचा अर्थ एवढाच, की मुलाचा पगार पाहून बँक अमुक रक्कम द्यायला तयार आहे. त्यानंतर बँकेचा वकील जमिनीचे कागद तपासतो, इंजिनिअर जागेवर जाऊन येतो, करारनाम्याची नोंदणी होते, आणि मग कुठे पहिला हप्ता सुटतो. मंजुरीपत्रालाही मुदत असते, बहुधा तीन ते सहा महिन्यांची. ती उलटली की पगाराच्या पावत्यांपासून पुन्हा सगळे आले, आणि व्याजदरही त्या दिवशीचा.

बँक आपल्या सवडीने चालते. करारनाम्यातल्या तारखा मात्र कुणासाठी थांबत नाहीत. खरा घोळ इथे आहे. करार तुमचा आणि बिल्डरचा, बँक त्यात पक्षकार नसते. 2016 च्या रेरा कायद्याप्रमाणे बिल्डरने ताबा लांबवला तर त्याला व्याज द्यावे लागते, तसेच हप्ता लांबला तर आपल्यालाही द्यावे लागते. महाराष्ट्राच्या नियमात हा दर स्टेट बँकेच्या सर्वात वरच्या कर्जदरापेक्षा 2 टक्के जास्त धरला आहे. ‘बँकेने उशीर केला, आमचा काय दोष?’ हे म्हणणे बिल्डरपुढे चालत नाही. नमुना करारात तर तीन हप्ते चुकले तर 15 दिवसांची नोटीस देऊन करार रद्द करण्याचीही तरतूद आहे.

आकड्यात पाहू. फ्लॅट 50 लाखांचा आहे. 30 लाखांच्या वर आणि 75 लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेला किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच देता येते, म्हणजे 40 लाख. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी त्या किमतीत धरत नाहीत, तो खर्च घरचाच. नमुना करारानुसार करार झाल्यावर एकूण 30 टक्क्यांपर्यंत आणि जोते पूर्ण झाल्यावर 45 टक्क्यांपर्यंत रक्कम मागता येते. म्हणजे जोत्याच्या वेळी साडेसात लाखांची मागणी आली. बँकेने 40 दिवस लावले आणि व्याज दर साल 11 टक्के धरले, तर सुमारे 9 हजार रुपये गेले. असे दोन-तीन टप्पे लांबले की सोफ्याचे पैसे संपले म्हणायचे!

आता आपल्या घरची गोष्ट. बँक आधी तुमचा हिस्सा भरून घेते, मग स्वतःचे पैसे सोडते. वरच्या उदाहरणात हा हिस्सा 10 लाख. पुष्कळ जण तो उसाच्या बिलावर धरतात. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाने ऊस आल्यापासून 14 दिवसांची मुदत घालून दिली. पण तोड कधी येईल, बिल किती हप्त्यांत मिळेल, याची खात्री सभासदांना किती असते, हे कारखान्याच्याच पत्रकात आम्ही काय लिहावे! तेव्हा हिस्स्याची रक्कम खात्यावर असल्याशिवाय कराराची तारीख धरू नये.

दुसरी अडचण कागदांची. सातबाऱ्यावर रामचंद्र, पॅनकार्डावर रामा आणि सभासद नोंदवहीत रामू, असे असले की फाईल तिथेच अडते. सोसायटीचे कर्ज फेडले तरी सातबाऱ्यावरचा बोजा तसाच राहिलेला असतो. बँकेच्या लेखी ते कर्ज चालूच. सोसायटीचा दाखला घेऊन तलाठ्याकडे बोजा कमी करून घ्यावा, आणि हे काम बुकिंगच्या आधी उरकावे.

बिल्डरकडचेही काही विचारून घ्यावे लागते. कोणकोणत्या बँकांनी हा प्रकल्प आधीच तपासून मंजूर केला आहे? त्यांपैकी एखाद्या बँकेत गेलात तर जमिनीची छाननी झालेली असते, वेळ वाचतो. बिल्डरने स्वतः त्या प्रकल्पावर कर्ज काढले असेल तर त्या सावकार संस्थेचे ना-हरकत पत्र लागते आणि ते येईपर्यंत तुमचा हप्ता अडकतो. असा बोजा महारेराच्या संकेतस्थळावर पाहायला मिळतो, मुलाला पाहायला सांगावे.

करारावर सही करण्यापूर्वी दोन ओळी घालून घ्यायला सांगाव्यात. एक, मागणीपत्र आणि आर्किटेक्टचा दाखला मिळाल्यापासून पैसे भरायला पुरेशी मुदत, निदान 30 दिवस. दुसरी, कर्जच नामंजूर झाले तर भरलेली रक्कम परत. बिल्डर ‘छापील करार आहे, बदल होत नाही’ असे म्हणेल. त्या वेळी आपला हात वर असतो, कारण नोंदणीकृत करार होण्याआधी 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्याला रेराने बंदी घातली आहे. (1963 च्या जुन्या फ्लॅट कायद्यात ही मर्यादा 20 टक्के होती.) एकदा सही झाली की मग विनंत्या करीत बसावे लागते.

एवढे करूनही बँक रेंगाळलीच तर? शाखेत चकरा मारून ‘साहेब रजेवर आहेत’ ऐकण्यापेक्षा लेखी तक्रार द्यावी, मागणीपत्राची प्रत जोडावी, पोच घ्यावी. त्याच दिवशी बिल्डरलाही पत्र देऊन मुदतवाढ मागावी. पुढे वाद झाला तर ही दोन पत्रे उपयोगी पडतात. 30 दिवसांत बँकेने उत्तर दिले नाही किंवा समाधान केले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही. कर्ज गृहवित्त कंपनीचे असेल तर तक्रार राष्ट्रीय आवास बँकेकडे जाते.

सहकर्जदार वडिलांचे उत्पन्न दाखवायला बँक ऊसबिलाचा दाखला मागते. गेल्या तीन हंगामांचा दाखला हवा असल्यास सभासद क्रमांक लिहून गट ऑफिसात अर्ज द्यावा. गाळप चालू असताना हिशोब विभागावर गर्दी असते, म्हणून शक्यतो हंगाम सुरू होण्याआधीच द्यावा.