अर्ध्या वाटेवर थांबलेले बीज

लखनौ शहरी गोमतीच्या काठावर छत्तर मंझिल नावाचा नवाबी राजवाडा आहे. १९५१ साली या राजवाड्यात केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे कार्य सुरू झाले. पुढे ती शहराच्या जानकीपुरम विस्तार भागात गेली. परंतु तिचे सर्वांत प्रसिद्ध औषध या जुन्या वास्तूतील वर्षांचेच फळ होय. ‘सेंटक्रोमन’ या नावाची, संप्रेरक नसलेली आणि पुढे आठवड्यातून एकदाच घ्यावयाची ही संततिप्रतिबंधक गोळी १९९१ साली ‘सहेली’ या नावाने बाजारात आली. २०१६ पासून ती ‘छाया’ या नावाने सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमातही दिली जाते.

ज्या स्त्रीला मूल हवे आहे, तिच्या प्रश्नाशी संतती रोखणाऱ्या गोळीचा काय संबंध, असे वाचकाला वाटेल. संबंध निकटचा आहे. सेंटक्रोमन ज्या जातीचे औषध आहे, त्याच जातीचे क्लोमिफीन हे औषध मूल न होणाऱ्या असंख्य स्त्रियांना दिले गेले. दोन्ही औषधे इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकाच्या ग्राहकांना जाऊन चिकटतात. एकाचा मुख्य परिणाम गर्भाशयावर होऊन गर्भ रुजत नाही. दुसऱ्याचा मेंदूवर होऊन बीजांड पक्व होते. प्रारंभी क्लोमिफीनदेखील प्रयोगशाळेतील उंदरांमध्ये संतती रोखणारे म्हणूनच आढळले होते. स्त्रियांमध्ये मात्र त्याने उलट कार्य केले, आणि १९६१ साली ते वैद्यकीय जगापुढे आले. ते असे का करते, हे कळण्यासाठी प्रथम बहुपुटी बीजांडकोश विकार, अर्थात पीसीओएस, समजून घेतला पाहिजे.

या विकाराचे नावच दिशाभूल करणारे आहे. १९३५ साली शिकागो येथील स्टाइन व लेव्हेंथाल या दोन वैद्यांनी पाळी अनियमित असलेल्या सात स्त्रियांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचे बीजांडकोश मोठे झालेले असून त्यांत अनेक लहान पोकळ्या दिसत होत्या. त्या पोकळ्यांना गाठी समजले गेले, आणि तेच नाव रूढ झाले. वस्तुतः त्या गाठी नसतात. त्या बीजपुटिका असतात. प्रत्येकीत एक बीजांड असते, पण ती काही मिलिमीटर वाढून अर्ध्या वाटेवरच थांबलेली असते. तेव्हा या स्त्रीच्या ठायी बीजांचा तुटवडा नसतो. बीजे आहेत; त्यांना पुढे जाण्याची आज्ञा मिळत नाही.

ही आज्ञा मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीकडून येते. तिथून निघणारी दोन संप्रेरके बीजांडकोशाला मार्गदर्शन करतात: एक पुटिका वाढविते आणि दुसरे पक्व बीज बाहेर सोडविते. या विकारात दुसऱ्याचे प्रमाण बहुधा वाढलेले, तर पहिल्याचे अपुरे असते. त्यातच शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. म्हणून इन्सुलिन अधिक स्रवते. ते वाढले म्हणजे बीजांडकोश पुरुषसंप्रेरके जास्त बनवितो. त्यामुळे पुटिकांची वाढ खुंटते, चेहऱ्यावर केस येतात, मुरमे उठतात. जगात अंदाजे दर दहा प्रजननक्षम स्त्रियांपैकी एकीला हा विकार असतो. त्यांपैकी अनेकींना त्याचे नावही ठाऊक नसते. लठ्ठ स्त्रियांनाच तो होतो हा समजही खोटा आहे.

घरात पाळणा हलला नाही की बोट प्रथम सुनेकडे वळते, मग ते घर अवधमधील असो वा विदर्भातील. म्हणून एक गोष्ट आरंभीच सांगावयास हवी. पाळी महिन्यामहिन्याला येत नसेल तर एक वर्ष वाट पाहण्याची आवश्यकता नाही. वैद्याकडे लगेच जावे. तसेच पतीची वीर्यतपासणी त्याच वेळी करून घ्यावी. ही तपासणी सोपी व स्वस्त आहे. तरीही पत्नीवर महिनोन् महिने औषधोपचार झाल्यावर ती केली जाते, असे अनेकदा घडते. गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाहीत, थायरॉइड व रक्तशर्करा कशी आहे, हेही पाहावे लागते. अनियमित रक्तस्राव म्हणजे बीज सुटले, असे नव्हे; बीज सुटल्याशिवायही स्राव होऊ शकतो.

उपचाराचा क्रम साध्यापासून अवघडाकडे जातो. वजन जास्त असल्यास ते शंभरात पाच ते दहा इतके घटविले तरी काही स्त्रियांची पाळी पूर्ववत होते आणि बीज आपणहून सुटू लागते. मात्र हा आहारविहाराचा सल्ला आहे, शिक्षा नव्हे. आणि ज्यांचे वजन मुळात योग्य आहे त्यांना तो लागू पडत नाही. गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेणे मात्र सर्वांना हितावह असते.

त्यानंतर येते बीज सोडविण्याची गोळी. क्लोमिफीन मेंदूतील इस्ट्रोजेनचे ग्राहक अडवून धरते. इस्ट्रोजेन कमी झाले आहे असा मेंदूचा समज होतो आणि तो पुटिका वाढविणारे संप्रेरक जास्त पाठवितो. थांबलेल्या पुटिकांपैकी एखादी मग पुढे सरकते. लेट्रोझोल हे औषध निराळ्या वाटेने तेच साधते: ते इस्ट्रोजेनचे उत्पादनच काही दिवस घटविते. २०१४ साली अमेरिकेत ७५० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के, तर क्लोमिफीन घेणाऱ्यांपैकी १९.१ टक्के स्त्रियांना मूल झाले. आपल्या देशात मात्र लेट्रोझोलचा वंध्यत्वासाठीचा वापर ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने थांबविला होता. गर्भावर दुष्परिणाम होतील अशी शंका होती. ही बंदी २०१७ साली उठली. आज या विकारात बीज सोडविण्यासाठी लेट्रोझोलच प्रथम वापरावे, असा आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सल्ला आहे. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषधही काहींना जोडीने दिले जाते.

वरील आकडे नीट वाचावेत. चांगल्या औषधानेही पाच फेऱ्यांच्या आत चौघींपैकी सुमारे एकीलाच मूल झाले. म्हणजे पहिल्या वा दुसऱ्या महिन्यात यश आले नाही तर ते अपयश मानावयाचे नाही. उलट गोळ्या स्वतःहून आणून घेणेही योग्य नाही; सोनोग्राफीने पुटिकांवर लक्ष ठेवावे लागते, कारण एकाहून अधिक बीजे सुटून जुळे राहू शकते. गोळ्यांनी न जमल्यास संप्रेरकांची इंजेक्शने किंवा दुर्बिणीद्वारे बीजांडकोशावरील लहानशी शस्त्रक्रिया हा पुढील टप्पा. परीक्षानलिकेतील गर्भधारणा सामान्यतः त्याही नंतरची. या विकारात त्या उपचारांत बीजांडकोश अतिउत्तेजित होण्याचा धोका अधिक असतो. म्हणून पहिल्याच भेटीत तो मार्ग सुचविला गेल्यास आधीच्या पायऱ्या का गाळल्या, हे दांपत्याने नि:संकोचपणे विचारावे.

गर्भ राहिल्यावरही दक्षता संपत नाही. गर्भारपणातील मधुमेह व वाढलेला रक्तदाब यांची शक्यता या स्त्रियांमध्ये जास्त असते. तेव्हा तपासण्या वेळच्या वेळी झाल्या पाहिजेत. मूल झाले वा न झाले तरी मधुमेहाकडे आयुष्यभर लक्ष ठेवावे लागते. हा केवळ गर्भाशयाचा नव्हे, तर सबंध शरीराचा विकार आहे.

शेवटी, ज्या स्त्रीला ‘वांझ’ म्हणून हिणविले जाते, तिच्या बीजांडकोशात बहुधा पुष्कळ बीजे आज्ञेची वाट पाहत असतात. ती आज्ञा कशी पोहोचवावी हे आज बऱ्याच अंशी ठाऊक आहे. तिच्या घरच्यांनी दोष देण्याऐवजी तिला वेळेवर योग्य वैद्याकडे नेले आणि पतीही तिच्यासोबत तपासणीसाठी गेला, तर त्या ज्ञानाचा लाभ तिला मिळू शकेल.