रोमच्या वाटेवरचे हौशी

जॅनेट स्टीफन्स यांचा अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात केशभूषेचा व्यवसाय. २००१ साली त्या तिथल्या वॉल्टर्स कला संग्रहालयात गेल्या. रोमन सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस याची पत्नी ज्युलिया डोम्ना हिचा संगमरवरी अर्धपुतळा तिथे होता. तो भिंतीपासून दूर ठेवलेला असल्यामुळे मागे जाऊन पाहता येत होतं. बहुतेक प्रेक्षक चेहरा पाहून पुढे जातात, स्टीफन्स मात्र मागे गेल्या. डोक्यामागे वेण्या गुंडाळून केलेला भलाथोरला अंबाडा होता. रोज दुसऱ्यांचे केस हाताळणाऱ्या या बाईंना प्रश्न पडला, की हा इतका जड अंबाडा टिकायचा कशाच्या आधारावर?

अभ्यासकांचं उत्तर ठरलेलं होतं: हे गंगावन किंवा केसांचा टोप असणार. स्टीफन्स यांना ते पटेना. त्यांनी घरी नकली डोक्यांवर, मग माणसांच्या केसांवर तशी रचना करून पाहिली. आकडे लावले, चाप लावले, तरी अंबाडा सुटायचाच. मग त्यांनी रोमन केशभूषेबद्दल मिळेल ते वाचायला घेतलं. लॅटिन लेखकांनी केशभूषेच्या संदर्भात जिथे सुईचा उल्लेख केला होता, तिथे भाषांतरकारांनी आकडा असा अर्थ लावला होता. स्टीफन्स यांनी शब्दशः सुई घेतली, दोरा ओवला आणि वेण्या एकमेकींना टाके घालून शिवल्या. अंबाडा जागचा हलला नाही. त्यांचा लेख २००८ साली ‘जर्नल ऑफ रोमन आर्किऑलॉजी’ या नामवंत नियतकालिकात छापून आला. पुढे २०१३ साली त्यांनी रोममधल्या व्हेस्टा देवतेच्या कुमारिका-पुजारिणींची सहा वेण्यांची केशरचनाही करून दाखवली.

प्राचीन रोमच्या अभ्यासात अशी हौशी माणसं सतत भेटत राहतात. कुणी सैनिक, कुणी बँकवाला, कुणी चित्रकार, कुणी गावातला संग्राहक. पदवी नसतानाही त्यांना तिथे काही गवसतं, ते केवळ नशिबाने नाही. रोमन लोकांनी मागे ठेवलेलं साहित्य अफाट आहे आणि त्यातलं बरंचसं रोजच्या जगण्यातलं आहे: हिशेब, खासगी पत्रं, थडग्यांवरचे मजकूर, पाककृती, भिंतींवर कोरलेली शिवीगाळ. अशा सामग्रीपुढे प्रत्येक वाचक आपला धंदा आणि आपला हात घेऊन उभा राहतो, आणि कधीकधी तो हातच नेमकी जागा दाखवतो.

कॅप्टन गिबन आणि लाल पुस्तकं

या परंपरेतलं सर्वांत मोठं नाव एडवर्ड गिबन. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा सहा खंडांचा इतिहास लिहिणारा हा माणूस कोणत्याही विद्यापीठात प्राध्यापक नव्हता. पंधराव्या वर्षी ऑक्सफर्डला गेला, पण जेमतेम चौदा महिने टिकला. धर्मांतर केल्यामुळे वडिलांनी त्याला स्वित्झर्लंडमधल्या लोझानला पाठवून दिलं, आणि त्याचं खरं वाचन तिथे झालं. परत आल्यावर तो हॅम्पशायरच्या नागरी पलटणीत कॅप्टन झाला. छावणीतल्या त्या कंटाळवाण्या वर्षांबद्दल त्याने पुढे आत्मचरित्रात कृतज्ञतेने लिहिलं आहे. सैन्य प्रत्यक्षात कसं हलतं हे तिथे पाहिल्यामुळे रोमन लीजन, म्हणजे रोमची मोठी सैन्यपथकं, समजून घेणं सोपं गेलं, असं त्याचं म्हणणं. ऑक्टोबर १७६४ मध्ये रोमच्या कॅपिटोल टेकडीवर भग्नावशेषांत बसलेला असताना या ग्रंथाची कल्पना सुचली, असंही तो सांगतो. पहिला खंड १७७६ मध्ये निघाला, शेवटचे तीन १७८८ मध्ये. पुस्तकातली अनेक मतं आज मागे पडली आहेत, पण मूळ साधनं स्वतः वाचून, तळटिपांत त्यांचा झाडा देत इतिहास लिहायची त्याची शिस्त टिकून आहे.

गिबनला लॅटिन येत होतं. ज्यांना ते येत नाही त्यांच्यासाठी दार उघडलं ते जेम्स लोएब या न्यूयॉर्कच्या बँकवाल्याने. घराण्याची बँक सोडून तो जर्मनीत स्थायिक झाला आणि १९११ साली त्याने ‘लोएब क्लासिकल लायब्ररी’ ही ग्रंथमाला सुरू केली. डाव्या पानावर मूळ ग्रीक किंवा लॅटिन, उजव्या पानावर इंग्रजी भाषांतर, आणि आकार कोटाच्या खिशात मावेल एवढाच. ग्रीक पुस्तकं हिरव्या कव्हरची, लॅटिन लाल. आज या मालेत पाचशेहून अधिक पुस्तकं आहेत. लॅटिनचं थोडंसं व्याकरण जमलेला वाचकसुद्धा या दोन पानांमध्ये डोळा फिरवत रोमन वक्ता सिसेरोचं एखादं वाक्य स्वतः उलगडू शकतो, आणि त्या उलगडण्याची चटक एकदा लागली की सुटत नाही.

वाचायला हाताशी काय काय आहे पाहा. सिसेरोने मित्र अ‍ॅटिकस याला लिहिलेली चारशेहून अधिक पत्रं आपल्यापर्यंत आली आहेत. राजकारणातली भीती, मुलीच्या मृत्यूचं दुःख, घरासाठी पुतळे विकत घेण्याची घाई, सगळं त्यांत आहे. धाकट्या प्लिनीने इतिहासकार टॅसिटस याला लिहिलेल्या दोन पत्रांत इसवी सन ७९ मधल्या व्हेसुव्हियसच्या उद्रेकाचं वर्णन येतं. त्या वेळी तो सतरा वर्षांचा होता. आरमाराचा प्रमुख असलेला त्याचा मामा, थोरला प्लिनी, लोकांना वाचवायला जहाजं घेऊन गेला आणि किनाऱ्यावरच मरण पावला. धाकट्या प्लिनीचं वर्णन इतकं काटेकोर आहे की त्या प्रकारच्या उद्रेकाला भूशास्त्रज्ञ आजही त्याचंच नाव देतात.

ब्रिटनच्या उत्तर सीमेवरच्या विंडोलांडा किल्ल्यात तर १९७३ पासून लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईने लिहिलेली पत्रं सापडत आली आहेत. ओलसर, हवाबंद मातीने ती जवळपास १९०० वर्षं सांभाळली. एका पत्रात क्लॉडिया सेव्हेरा ही बाई आपल्या मैत्रिणीला, सल्पिशिया लेपिडिना हिला, वाढदिवसाला येण्याचं आमंत्रण देते. मजकूर लेखनिकाने लिहिलेला आहे, पण शेवटच्या जिव्हाळ्याच्या ओळी तिच्या स्वतःच्या अक्षरात आहेत. दुसऱ्या एका पत्रात कुणाला तरी मोजे आणि आतले कपडे पाठवल्याची नोंद आहे. विंडोलांडात आजही देशोदेशीचे हौशी स्वयंसेवक दर हंगामात येऊन पुरातत्त्वज्ञांच्या देखरेखीखाली खोदकाम करतात.

गोफणगुंडे आणि मिरेदाणी

इसवी सन ९ मध्ये जर्मनीच्या अरण्यात जर्मन टोळ्यांनी व्हारस या सेनापतीच्या तीन लीजन कापून काढल्या. टोळ्यांचा म्होरक्या आर्मिनियस हा स्वतः रोमन सैन्यात वाढलेला होता. १७, १८ आणि १९ हे त्या लीजनचे क्रमांक रोमने पुन्हा कधीच कुठल्या पलटणीला दिले नाहीत. ही लढाई नेमकी कुठे झाली यावर शतकानुशतकं वाद चालला आणि शेकडो जागा सुचवल्या गेल्या. १८८५ मध्ये थोर इतिहासकार थिओडोर मोमसेन यांनी त्या परिसरात मिळालेल्या नाण्यांवरून काल्क्रीजे या जागेकडे बोट दाखवलं होतं, पण फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

१९८७ मध्ये टोनी क्लन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक जवळच्या ओस्नाब्रुकला होती. जुनी नाणी आणि मेटल डिटेक्टर हा त्यांचा छंद. त्यांनी आधी स्थानिक पुरातत्त्वज्ञ वोल्फगांग श्ल्यूटर यांची भेट घेतली, त्यांच्या संमतीने जुने नकाशे चाळले आणि मगच काल्क्रीजेच्या शेतांत फिरायला सुरुवात केली. थोड्याच दिवसांत शंभराहून अधिक चांदीची रोमन नाणी निघाली. लढाईच्या वेळचा सम्राट ऑगस्टस याच्या राजवटीनंतरचं एकही त्यांत नव्हतं. पुढे अंड्याच्या आकाराचे शिशाचे गोफणगुंडे मिळाले. सैनिक असलेल्या क्लन यांना ते नेमकं कशाचं चिन्ह आहे हे सांगावं लागलं नाही: इथे नुसता व्यापारी थांबला नव्हता, फौज आली होती. मग रीतसर उत्खननात घोडेस्वाराच्या शिरस्त्राणाचा लोखंडी मुखवटा आणि माणसांच्या हाडांचे खड्डे सापडले. गळ्यातली घंटा वाजू नये म्हणून तिच्यात गवत कोंबलेलं एक खेचरही निघालं. काही अभ्यासक अजून शंका घेतात, पण बहुतेकांच्या मते ते रणक्षेत्र हेच.

इंग्लंडच्या सफोकमधली १९९२ सालची गोष्टही सांगण्याजोगी आहे. हॉक्सन गावात एरिक लॉज हे गृहस्थ शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा मेटल डिटेक्टरने शोधत होते. हातोड्याआधी सोन्या-चांदीची नाणी आणि चमचे लागले. लॉज यांनी खोदणं लगेच थांबवून अधिकाऱ्यांना कळवलं, आणि सगळं मोल या थांबण्यात होतं. पुरातत्त्वज्ञांना कुजलेल्या पेटीत कोणती वस्तू कुठे ठेवली होती, कशाखाली काय होतं, हे जसंच्या तसं नोंदवता आलं. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पुरलेल्या त्या साठ्यात जवळपास १५,००० नाणी होती. चांदीच्या चार मिरेदाण्याही होत्या. त्यातली एक उंची वेशातल्या स्त्रीच्या अर्धपुतळ्याच्या आकाराची असून तिच्या तळाची चकती फिरवली की मिरी भरता किंवा शिंपडता येते. मिरी भारतातून जायची. ब्रिटिश म्युझियममध्ये तो साठा ठेवला आहे आणि लॉज यांना सापडलेला हातोडाही संग्रहालयाने ठेवून घेतला.

अंगावर चढवलेला इतिहास

काही हौशींना वाचून पुरत नाही. १९६४ मध्ये हेड्रियनच्या भिंतीजवळ कॉर्ब्रिजला एका पेटीत लोखंडी पट्ट्यांच्या रोमन चिलखताचे तुकडे मिळाले. लंडनच्या टॉवरमधल्या शस्त्रसंग्रहाचे रसेल रॉबिन्सन यांनी त्यावरून चिलखत कसं जोडलं जाई ते दाखवलं. १९७२ मध्ये ग्लॉस्टरशायरमधल्या हौशी मंडळींनी ‘अर्माइन स्ट्रीट गार्ड’ हे पथक काढलं आणि तशी चिलखतं बनवून वापरायला घेतली. घालून चाललं, वाकलं, पळालं की पट्टा कुठे तुटतो, बिजागरी कुठे निसटते हे कळतं, आणि तुटलेल्या मूळ तुकड्यांचा अर्थही लागतो.

चित्रकार पीटर कॉनोली यांनी असंच रोमन घोडेस्वाराचं खोगीर बनवलं. रोमन लोकांकडे रिकीब नव्हती, म्हणून त्यांचे स्वार हत्यार चालवताना डळमळत असणार, असं फार काळ मानलं जाई. कॉनोली यांनी उत्खननातल्या चामड्याच्या अवशेषांवरून चार शिंगांचं खोगीर तयार केलं. स्वार त्यात बसला की ती शिंगं मांड्यांना आणि कमरेला धरून ठेवतात, आणि रिकिबीवाचून वार करता येतो हे सिद्ध झालं.

काहींनी रोमची गोष्ट इतरांना सांगायला घेतली. कोलीन मॅककलो या ऑस्ट्रेलियन लेखिका मूळच्या मेंदू-संशोधक. त्यांनी रोमन प्रजासत्ताकाच्या अखेरच्या काळावर १९९० ते २००७ या काळात सात जाडजूड कादंबऱ्या लिहिल्या. माईक डंकन या अमेरिकन तरुणाने २००७ ते २०१२ अशी पाच वर्षं रोमचा इतिहास पॉडकास्टमधून सांगितला. त्यातून लाखो श्रोत्यांना सुल्ला, ग्रॅकस बंधू आणि डायोक्लेशन ही नावं ओळखीची झाली.

तेरणेकाठचा रोम

आपल्याकडचा असा हौशी माणूस म्हणजे धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचे रामलिंगप्पा लामतुरे. गावाभोवतीच्या पांढरीच्या टेकाडांत मिळणाऱ्या वस्तू त्यांनी हयातभर जमवल्या: मणी, नाणी, मृण्मूर्ती, शंखाच्या बांगड्या, हस्तिदंती कोरीवकाम. त्यांच्या संग्रहावरच तेरचं शासकीय वस्तुसंग्रहालय उभं राहिलं आणि त्याला त्यांचं नाव मिळालं. तेर म्हणजे प्राचीन तगर. इथल्या मातीत रोमन नाण्यांची मातीत केलेली नक्कलही सापडते. ही पदकं गळ्यात घालण्यासाठी असत.

१९३८ मध्ये पॉम्पेईत अमेदेओ मायुरी यांना एका घरात हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. उंची जेमतेम एक वीत, अंगावर भरगच्च दागिने, दोन बाजूंना दोन दासी. तिच्या जवळच्या बहिणी म्हणाव्यात अशा हस्तिदंती मूर्ती तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला सापडल्या आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवरून उलट दिशेने आलेला पाहुणा मिळाला: समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती, जी तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात पाहता येते.

रोम वाचायला सुरुवात कुठून करावी, असं विचारणाऱ्या मराठी वाचकाने म्हणूनच ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ हातात घ्यावं. पहिल्या शतकातल्या, इजिप्तमध्ये राहणाऱ्या कुणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याचं हे टिपण आहे. एकूण ६६ छोटी प्रकरणं, एका संध्याकाळीही वाचून होतील. लेखक विद्वान नाही, पण बंदरात उभं राहून माल पाहिलेला आहे. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर, असं तो लिहितो. पैठणहून गोमेद आणि तेरहून साधं कापड व मलमल गाड्यांवर लादून बंदराला जाई, हेही सांगतो. कल्याणच्या बंदरात शिरलेली ग्रीक जहाजं पहाऱ्याखाली भडोचला नेली जात, अशी तक्रारवजा नोंदही आहे. त्यानंतर थोरल्या प्लिनीकडे वळावं. भारत दरवर्षी साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, असा त्याचा हिशेब आहे. मग धाकट्या प्लिनीची व्हेसुव्हियसची पत्रं, स्वेटोनियसने लिहिलेली बारा सीझरांची चरित्रं, आणि सगळ्यांना एका धाग्यात पाहायचं तर मेरी बिअर्ड यांचं २०१५ सालचं ‘एसपीक्यूआर’. नकाशा शेजारी उघडा असावा, आणि त्यावर अलेक्झांड्रियासोबत चौल, कल्याण, पैठण आणि तेरही असावेत.