एका बॅगेत दोन ऋतू

मे महिन्याच्या अखेरीस हरिद्वारच्या रेल्वे स्थानकावर उतरणारा महाराष्ट्रातील यात्रेकरू घामाने निथळत असतो. पारा चाळीस अंशांच्या आसपास असतो आणि बॅगेतील लोकरीचे कपडे निव्वळ ओझे वाटतात. दोन-तीन दिवसांनी हाच यात्रेकरू केदारनाथला पोहोचतो, तेव्हा रात्री त्याच कपड्यांवाचून त्याचे दात वाजू लागतात.

यामागील गणित सोपे आहे. हरिद्वार समुद्रसपाटीपासून सुमारे ३१४ मीटर उंचीवर आहे, तर केदारनाथ ३,५८३ मीटरवर. दर हजार मीटर चढाईमागे तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे केवळ उंचीमुळेच सुमारे एकवीस अंशांचा फरक पडतो. वारा, पाऊस आणि रात्र यांचा हिशेब त्यात धरलेलाच नाही. शिवाय डोंगरात सकाळी लख्ख ऊन असले, तरी दुपारनंतर ढग दाटून येणे हे नित्याचेच.

अशा प्रवासाला निघताना आपल्याकडे सहसा एक जाडजूड स्वेटर आणि भरपूर सुती कपडे घेतले जातात. येथेच चूक होते. गौरीकुंडापासूनची सुमारे १६ किलोमीटरची चढण चढताना अंगातील सुती बनियन घामाने भिजते आणि लवकर वाळत नाही. विसाव्यासाठी थांबताच हेच ओले कापड अंगातील ऊब शोषून घेते. पावसात भिजलेल्या सुती साडीचीही तीच गत. शरीराचे तापमान ३५ अंशांच्या खाली गेले, की जिवाला धोका संभवतो. सतत थरथर, अडखळते बोलणे आणि मंदावलेल्या हालचाली ही त्याची लक्षणे. वृद्धांना थंडीची जाणीव उशिरा होते. म्हणून आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी तर विशेष सावध राहावे.

यावर उपाय म्हणजे कपड्यांचे तीन थर. अंगालगत घाम टिपून लवकर वाळणारे कृत्रिम धाग्याचे किंवा पातळ लोकरीचे वस्त्र, त्यावर लोकरीचा स्वेटर आणि सर्वांत वर वारा व पाऊस अडवणारे जाकीट. एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ स्वेटर बरे, कारण दोन थरांमध्ये अडकलेली हवाच ऊब धरून ठेवते. चढताना घाम येण्यापूर्वी एक थर उतरवावा आणि थांबताक्षणी तो पुन्हा चढवावा. कानटोपी, हातमोजे आणि लोकरी पायमोज्यांचे दोन जादा जोड बॅगेत फारशी जागा घेत नाहीत. खाली हरिद्वारच्या उन्हासाठी मात्र सुती कपड्यांचे दोन जोड पुरेसे होतात.

बॅग भरण्याची पद्धतही तितकीच महत्त्वाची. मोठे सामान बहुधा सोनप्रयाग परिसरात वाहनातच राहते, आणि खेचरावर लादलेले बोचके मालकाच्या बरोबरीने पोहोचेलच असे नाही. म्हणून अंगावरचा एक संपूर्ण कोरडा जोड, पायमोजे आणि नित्याची औषधे जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पाठीवरच्या लहान बॅगेत ठेवावीत. हा जोड वाटेत वापरू नये. अडीअडचणीसाठी राखून ठेवलेल्या शिल्लकेप्रमाणे तो मुक्कामी पोहोचेपर्यंत जपावा. कुटुंबातील प्रत्येकाचा असा जोड ज्याच्या-त्याच्याजवळच असावा; कारण चढणीवर चौघांची चाल चार प्रकारची असते.

हंगामाचाही विचार हवा. भाऊबीजेला केदारनाथ मंदिराचे दरवाजे हिवाळ्यासाठी बंद होतात. त्या सुमारास तेथे रात्री पारा शून्याखाली जातो. निघण्यापूर्वी भारतीय हवामान विभागाचा रुद्रप्रयाग जिल्ह्याचा अंदाज अवश्य पाहावा. अंदाज प्रतिकूल असेल, तर उत्तम भरलेली बॅगही खालीच ठेवून एक दिवस थांबणे इष्ट.