धुऱ्यावरची बोर

चंद्रपूर-गडचिरोलीचा उन्हाळा कडक. पारा ४५ अंशांपुढे जातो. तरी धुऱ्यावरची रानबोर तग धरते. कारण तिचं मूळ खोल जातं.

पण फळ बारीक आणि आंबट. म्हणून आपण काट्यांसाठी झाड तोडतो. जळगावची मेहरूण बोरं नावाजलेली आहेत. आपल्या शिवारातही एखादं झाड गोड असतं. कुंपणाच्या काट्यांत तेही जातं.

संक्रांतीच्या सुमारास बोरं चाखून पाहा. गर जास्त, बी लहान, कीड कमी, असं झाड हेरा. त्याला चिंधी बांधा. कमी पावसाच्या वर्षीही ते फळतं का, ते पाहा.

त्याचं बी लावलं तर? झाड आईसारखं निघेलच असं नाही. म्हणून डोळा भरावा. उन्हाळ्यात आंबट बोर हातभर ठेवून कापा. फुटव्यांपैकी एक जोमदार ठेवा. पावसाळा लागला की त्याची साल चिरा. चिरेत गोड बोरीचा डोळा बसवा. डोळा उघडा ठेवून पट्टी बांधा. तो फुटला की वरचा शेंडा कापा. खालचे रानफुटवे काढत राहा.

मूळ रानाचं, फळ आपल्या निवडीचं. आम्ही एवढंच सांगतो : कुऱ्हाड उचलण्याआधी फळ चाखा.